जवसाचे तीन हात

आमच्या वाडीच्या अंगणातली माती काळी.
मे महिन्यात तिच्या भेगेत वहाणेचं टोक अडकतं,
ऑगस्टात अख्खी वहाणच ठेवून घेते.
म्हणून पंचफुला म्हणाली, वाफे उचला.
गुडघ्याएवढे. माझ्या गुडघ्याएवढे,
तुमच्या नाही.

लकडगंजात सागाचा भाव ऐकला
आणि ऐनाच्या बारा फळ्या घेऊन आलो.
कोऱ्या होत्या. ओलं बोट फिरवलं
की ओल तिथल्या तिथे नाहीशी.
एवढी तहान. आता हिला पाजायचं काय?

फखरुद्दीनभाईंनी काउंटरवर डबे मांडले.
हा चकाकतो. हा उधईचा काळ.
आणि हा तर बोटीला लावतात.
नागपुरात बोट?
"अंबाझरीत आहेत ना दोन."

शेजारचे रामटेके म्हणाले, "काहून पैसे घालवता जी?
गॅरेजातलं जळकं ऑइल आणा, फुकटात हाय.
माह्या कुंपणाले लावलं, उधई फिरकत नाही."
मी विचारलं, कुंपणाखाली काय उगवतं?
ते जरा वेळ कुंपणाकडेच बघत राहिले.

सत्तावीस वर्षं मी कारखान्याच्या रंगखात्यात होतो.
डब्यामागचं बारीक अक्षर मी आता वाचतो,
चष्मा कपाळावर चढवून, डबा नाकाशी धरून.
तेव्हा कोणी वाचायला सांगितलं नव्हतं.
लाल प्रायमर नखांत रविवारपर्यंत असायचा,
त्याच हातानं भाकर मोडायची,
आणि तो गोडसर वास आवडायचा, खरं सांगतो.
सहदेव मेश्राम आमच्यात सगळ्यात सफाईनं फवारायचा.
शेवटी शेवटी त्याचं मनगट वर उचलेना.
कागदावर लिहिलं, वयोमानानुसार.
चव्वेचाळीसचा होता.

म्हणून दुकानात मी एकच विचारत होतो,
सेहेचाळीस अंशांत फळी तडकली,
मग पाऊस पडला,
तर मेथीच्या मुळापाशी काय पोचेल?
"कंपनीला विचारा," फखरुद्दीनभाई म्हणाले,
पण वाकून खालच्या खणातून एक डबा काढला.
जवसाचं तेल, डबल बॉइल्ड.
वाचलं. लवकर वाळावं म्हणून त्यातही धातू.
परत ठेवला.

घरी आलो तर पंचफुला जवस भाजत होती,
तडतड, तडतड, झाकण दाबून धरलेलं.
"चटणी संपली होती."
मी तव्याकडे बघत उभा.
"जवस पाहिला नाही का कधी?"

इतवारीत गिरड्यांच्या घाण्यावर कॅन घेऊन गेलो.
कच्चं तेल द्या, वर काही न टाकलेलं.
वाळायला किती दिवस लागतात?
"खायचं तेल आहे जी, वाळवता कायले?"
पंचफुलानं एक थेंब बोटावर घेऊन चाटला.
"कडसर आहे. चालेल."
तपासणी झाली.

पहिला हात लाकूड गटागटा प्यालं.
दुसरा सावकाश.
तिसऱ्यात मुठीएवढं मेण वितळवलं,
ऐन गुळाच्या ढेपेसारखा गडद झाला.
फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, जेवायला बसलो,
आणि वरणात हात तसाच थांबला.
जवसाचं फडकं. बंद कोपरा. हे ऊन.
रंगखात्यात एकदा असंच पेटलं होतं,
काडी न लावता.
धावलो. बोळा गरम लागला हाताला,
तापल्या पोराच्या कपाळाएवढा.
बादलीत बुडवला. मग एकेक फडकं
दोरीवर पसरून घातलं, तिच्या साडीशेजारी.
ती म्हणाली, आणि म्हणे हेच निर्धोक.

चार वर्षं टिकतील फळ्या, फार तर पाच.
मग उधईचं जेवण.
रामटेके ऐकवतात, माहं कुंपण वीस वर्षांचं.
असेल.

तीन आठवडे झाले, फळी अजून बोटाला जरा चिकटते.
माती भरू का, ती रोज विचारते.
अंबाडीचं बी तिच्या पदराच्या गाठीत आहे.
मी रोज बोट लावून बघतो
आणि ते बोट, सवयीनं,
नाकाशी नेतो.